नवरंग

नवरंग : जंगलातल्या पालापाचोळ्यात किडे-गांडुळे वेचणारा, पिट्टिडी कुलातला पक्षी. शास्त्रीय नाव पिट्टा ब्रॅकियुरा. ‘पिट्टा’ हा मूळ तेलुगू शब्द, अर्थ नुसता ‘पाखरू’. ‘ब्रॅकियुरा’ म्हणजे आखूड शेपटीचा. लिनिअसने १७६६ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला चक्क कावळ्याच्या प्रजातीत बसवले होते. मराठीत आणि कन्नडमध्येही नाव नवरंगच, त्यामुळे बेळगाव सीमाभागात निदान या एका नावावरून तंटा नाही.

आकाराने साळुंकीपेक्षा लहान, लांबी सुमारे १९ सेंमी. पाठ हिरवी, पंखावर आणि शेपटीच्या मुळाशी चकचकीत निळा, पोट बदामी, गळा पांढरा, डोळ्यावरून मानेपर्यंत काळा जाड पट्टा आणि शेपटीखाली कुंकवासारखा लाल. नऊ रंग मोजायला बसले तर आकडा ओढूनताणूनच जमतो. नर-मादी दिसायला सारखीच. पाय लांब आणि दणकट, शेपूट मात्र इतकी आखूड की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती तुटली असावी असे वाटते.

एवढा रंगीत पक्षी, पण दिसतो क्वचित. कणकुंबी, जांबोटी, हेम्मडगा या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या रानांत आणि भीमगड अभयारण्याच्या परिसरात त्याला शोधायचे ते कानांनी. पहाटे आणि तिन्हीसांजेला ‘व्हीट-ट्यू’ अशी दोन सुरांची खणखणीत शीळ येते. पहिला सूर चढा, दुसरा खाली उतरणारा. तमिळमध्ये तर त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे नावच आहे. शीळ घालताना तो मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो. एकाने शीळ दिली की दुसरा पलीकडच्या जाळीतून उत्तर देतो. आवाजाच्या रोखाने वर झाडात पाहत राहिले तर बहुधा पदरी काही पडत नाही. नजर करवंदीच्या जाळीखाली, ओल्या पाचोळ्यावर ठेवावी. तिथे तो टुणटुण उड्या मारत येतो, थांबतो, चोचीने एक पान उलटवतो, खाली काही वळवळले तर टिपतो, नाहीतर पुढच्या पानाकडे. मधूनच आखूड शेपूट सावकाश खालीवर हलते. हिरव्या पाठीमुळे सावलीत तो लगेच विरून जातो. चाहूल लागली तर मुकाट्याने जवळच्या फांदीवर जाऊन स्तब्ध बसतो, आणि उडताना पंखावरचा पांढरा ठिपका तेवढा चमकून जातो.

त्याचे वर्ष पावसाशी बांधलेले आहे. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत, वीण हिमालयाच्या पायथ्याशी, मध्य भारताच्या डोंगरांत आणि कर्नाटकापर्यंतच्या सह्याद्रीत. वळीव होऊन गेला, धुळवाफेचे, म्हणजे कोरड्या मातीतले, भात पेरून झाले की शीळ वाढते. घरटे गोलसर, वाळक्या पानांचे, काटक्या-गवताचे, बाजूने दार असलेले. जमिनीवर किंवा खालच्या फांदीच्या बेचक्यात. अंडी बहुधा चार-पाच, पांढरी तुकतुकीत, जांभळट ठिपक्यांची. उबवणे आणि चारा भरवणे ही कामे नर-मादी मिळून करतात.

स्थलांतर रात्रीचे. त्यामुळे दमलेला नवरंग एखाद्या सकाळी शहरातल्या व्हरांड्यात किंवा जिन्याखाली बसलेला सापडतो, आणि ‘हा कुठला पोपट?’ म्हणून शेजारीपाजारी गोळा होतात. अशा वेळी त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे आणि वनखात्याला कळवावे. चोच उघडून पाणी घालण्याची माया त्याच्या जिवावर बेतू शकते.

सध्या ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली जात नाही. तरी झाडे उभी ठेवून खालची झुडपे साफ केली, पाचोळा पेटवला, तर रान लांबून हिरवेच दिसते आणि नवरंगाला मात्र उलटायला पान उरत नाही.