वाचन-प्रोत्साहन आणि संपादणुकीतील दरी

एकाच इयत्तेत बसणाऱ्या मुलांच्या शैक्षणिक कामगिरीत घरची सांपत्तिक स्थिती, पालकांचे शिक्षण, घरात बोलली जाणारी भाषा, वंश किंवा जात यांना धरून जो फरक सातत्याने दिसतो, त्याला संपादणुकीतील दरी म्हणतात. कोणत्याही वर्गात काही मुले पुढे आणि काही मागे असतातच. तेवढ्याने दरी होत नाही. मागे राहणारी मुले दर वर्षी त्याच वस्त्यांतली आणि त्याच प्रकारच्या घरांतली निघू लागली, की तिला दरी म्हणायचे. ती कमी करण्याच्या प्रयत्नांत वाचनाला मध्यवर्ती स्थान आहे, कारण बाकीचे बहुतेक विषय वाचनाच्या वाटेनेच मुलापर्यंत पोचतात. गणितातले शाब्दिक उदाहरण आधी वाचता यावे लागते, मगच ते सुटते.

वाचन-प्रोत्साहन म्हणजे मुलांना ‘वाचा, वाचा’ असे सांगणे, हा समज सर्वत्र आढळतो आणि त्यानेच पुष्कळ नुकसान केले आहे. ज्या मुलाला चार ओळी वाचताना धाप लागते, त्याला वाचनाची गोडी लागावी अशी अपेक्षा करणे हा अन्याय आहे. गोडी जमण्यामागून येते. म्हणून या नोंदीत लिपी शिकवणे, पुस्तक हाती देणे, वाचायला वेळ देणे आणि सोबत बसणारे माणूस मिळवून देणे, या सगळ्यांसाठी मिळून ‘प्रोत्साहन’ हा शब्द वापरला आहे.

दरीचा शोध

अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार शिक्षणातील संधींची देशव्यापी पाहणी झाली. जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या पाहणीत सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती घेतली गेली आणि १९६६ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. शाळांच्या इमारती, साधने आणि खर्च यांतल्या फरकापेक्षा मुलांच्या घरची पार्श्वभूमी त्यांच्या गुणांशी अधिक घट्ट जोडलेली आहे, हा त्याचा सर्वांत गाजलेला निष्कर्ष. ‘मग शाळेने काहीच फरक पडत नाही’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ अनेकांनी काढला. घरी मिळते आणि शाळेत मिळत नाही असे नेमके काय आहे, हा त्यातून निघणारा प्रश्न खरा कामाचा होता. पुढच्या संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

जागतिक बँकेने २०१९ मध्ये ‘अध्ययन दारिद्र्य’ ही संकल्पना मांडली. दहाव्या वर्षी वयाला साजेसा सोपा मजकूर वाचून समजत नसेल, तर ते मूल या गणनेत येते. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्या वेळी असा अंदाज होता की ५३ टक्के मुले या स्थितीत आहेत. यातली पुष्कळ मुले शाळेत रोज हजर असतात, ही गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे.

दरी कशी रुंदावते

नऊ वर्षांची एक मुलगी वर्गात प्रकट वाचन करते आहे. वाक्य एवढेच आहे : ‘वाऱ्यामुळे खिडकी आपटली आणि दिवा विझला.’ ओळीखाली बोट ठेवून ती ‘वा… ऱ्या… मु… ळे’ असे एकेक अक्षर लावते, जोडाक्षराशी थांबते, मागे जाते, पुन्हा जुळवते. ‘विझला’पर्यंत ती पोचते. एकही चूक झालेली नाही. शिक्षक विचारतात, ‘दिवा का विझला?’ ती गप्प. बोट परत पहिल्या शब्दावर जाते. अक्षरे जुळवण्यातच सगळे लक्ष खर्ची पडल्यामुळे वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात मनातून निसटली आहे. हाच प्रश्न तिला ते वाक्य नुसते ऐकवून विचारला असता, तर तिने चटकन उत्तर दिले असते. अशा मुलीवर ‘ढ’ असा शिक्का बसायला फार दिवस लागत नाहीत.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले : वाचून समजणे हा लिपी उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. बेरीज न म्हणता गुणाकार म्हटले, यातच या सूत्राचे सगळे बळ आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही असो, हाती शून्यच येते. वरच्या मुलीची भाषेची समज शाबूत आहे, लिपी अडते. याच्या उलट, न समजणाऱ्या भाषेतला धडा खणखणीत आवाजात वाचून दाखवणारी मुलेही असतात आणि तपासनीस त्यांच्यावर खूश होऊन निघून जातात.

त्याच वर्षी कीथ स्टॅनोविच यांनी या दरीच्या वाढीला समाजशास्त्रातून घेतलेले ‘मॅथ्यू परिणाम’ हे नाव लावले. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळते, या बायबलमधल्या वचनावरून ते आले आहे. ज्याला वाचता येते तो वाचतो, वाचल्याने शब्द वाढतात, शब्द वाढल्याने पुढचे पुस्तक सोपे जाते. ज्याला अडते तो टाळतो, आणि टाळल्याने त्याला आणखी अडते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाचवीच्या मुलांनी शाळेबाहेरच्या वाचनाच्या नोंदी ठेवल्या होत्या. सर्वाधिक वाचणारी मुले दिवसाला सरासरी ६५ मिनिटे पुस्तके वाचत. त्या वेगाने वर्षाकाठी चाळीस लाखांहून अधिक शब्द त्यांच्या डोळ्यांखालून जात. मधल्या मुलाचे वाचन होते पाच मिनिटांहून कमी, म्हणजे वर्षाला सुमारे २,८२,००० शब्द. तळाच्या दहा टक्क्यांच्या सीमेवरच्या मुलाच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम ८,००० शब्द आले. ही सगळी मुले एकाच इयत्तेत बसणारी.

तिसरी-चौथीच्या सुमारास पाठ्यपुस्तकाचे वळण बदलते. तोवर मूल वाचायला शिकत असते, त्यानंतर त्याने शिकण्यासाठी वाचायचे असते. या टप्प्यावर गरीब घरांतली मुले अचानक घसरतात, हे जीन चॉल यांनी दाखवले. ओळखीचे, रोजच्या बोलण्यातले शब्द संपतात आणि ‘बाष्पीभवन’, ‘राज्यघटना’, ‘अपवर्तन’ असे शब्द सुरू होतात. हे शब्द कोणाच्याही घरी गप्पांत येत नाहीत. ते पुस्तकांत असतात.

केवळ शब्दच नव्हे, विषयाची माहितीही वाचनाला धरून असते. १९८८च्या एका प्रयोगात ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले ही वाचनात तरबेज, पण खेळाची गंधवार्ता नसलेल्या मुलांपेक्षा वरचढ ठरली. आकलन हे कुठेही लावता येईल असे सुटे हत्यार नाही, हे यातून स्पष्ट होते. गुण वाढावेत म्हणून विज्ञान आणि इतिहासाचे तास कापून ‘आकलनाचे सराव उतारे’ सोडवून घेणाऱ्या शाळा म्हणूनच उलटा मार्ग धरतात.

घर आणि पुस्तके

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७ देशांच्या एका अभ्यासात असे आढळले, की पालकांचे शिक्षण आणि व्यवसाय सारखे धरले तरीही, भरपूर पुस्तके असलेल्या घरातली मुले पुस्तके नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक शिकतात. फिलाडेल्फियात सुसन न्यूमन आणि डोना सेलानो यांनी वस्त्यांमधली दुकाने, ग्रंथालये आणि बालवाड्या पायी फिरून मोजदाद केली. मध्यमवर्गीय वस्तीत विक्रीला असलेली मुलांची पुस्तके दर मुलामागे १३ होती. गरीब वस्तीत ३०० मुलांमागे एक. अशा वस्तीतल्या आईला ‘मुलाला वाचून का दाखवत नाही?’ असे विचारताना हा आकडा विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायला हवा.

गरीब आणि सधन घरांतल्या मुलांच्या कानावर लहानपणी पडणाऱ्या शब्दांच्या फरकाचीही चर्चा बरीच होते. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून १९९५ मध्ये मांडलेला ‘तीन कोटी शब्दांचा’ फरक जगभर उद्धृत झाला. कुटुंबे थोडी होती, शिवाय आजूबाजूच्या माणसांचे बोलणे मोजलेच नव्हते, असे आक्षेप त्यावर आले आणि नंतरच्या मोजणीत फरक बराच कमी भरला. तरीही मुलाशी समोरासमोर, त्याला बोलते करत केलेल्या संभाषणाचे महत्त्व वादापलीकडचे आहे.

म्हणून काही उपक्रम थेट तान्ह्या मुलांपासून सुरू होतात. बॉस्टनमध्ये १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘रीच आउट अँड रीड’ या उपक्रमात बालरोगतज्ज्ञ तपासणीला आलेल्या बाळाला पुस्तक देतात आणि ते कसे वाचून दाखवायचे हे पालकांना तिथेच करून दाखवतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १९९२ मध्ये ‘बुकस्टार्ट’ उपक्रम ३०० बाळांपासून सुरू झाला.

काय लागू पडते

नुसती पुस्तके पाठवली की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. पुरावा मात्र सावध करणारा आहे. केनियात ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तके पुरवण्याचा प्रयोग झाला. फायदा फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांना झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. बेंगळुरू भागात शाळांना जोडलेल्या ग्रंथालयांच्या चाचणीतही मुलांच्या भाषाकौशल्यात मोजण्याजोगी वाढ दिसली नाही. फिलाडेल्फियातली वस्ती-ग्रंथालये नव्याने सजवली, संगणक आणि पुस्तके सर्वांना सारखी खुली केली, तेव्हा न्यूमन आणि सेलानो पुन्हा तिथे जाऊन बसल्या. सधन वस्तीत आई किंवा आजोबा मुलाच्या शेजारी बसून पुस्तक निवडत, थोडे अवघड निवडत, पान उलटताना प्रश्न विचारत. गरीब वस्तीतली मुले बहुधा एकटी किंवा भावंडांबरोबर येत, चाळत, कंटाळत, सोपे उचलत. साधने समान झाली आणि दरी वाढली. या सबंध विषयात याहून बोलके निरीक्षण क्वचितच सापडेल.

याउलट, फिलिपिन्समध्ये चौथीच्या वर्गांत ३१ दिवसांचा वाचन-उपक्रम झाला. मुलांच्या वयाला शोभणारी पुस्तके, वर्गातच रोज वाचनाचा ठरलेला वेळ आणि शिक्षकांना प्रशिक्षण असे तिन्ही एकत्र दिले होते. वाचनाचे गुण वाढले. काही महिन्यांनी परिणाम निम्म्यावर आला, पण पुसला गेला नाही. उपक्रम थांबला की वाढही थांबते, हे त्यातून दिसते.

स्तरानुसार गट करून शिकवण्याची पद्धत ‘प्रथम’ या संस्थेने भारतात विकसित केली आणि पुढे ती झांबियासारख्या देशांतही पोचली. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे काही काळ बाजूला ठेवून, त्याला अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट वाचता येते एवढे आधी तपासायचे आणि त्याप्रमाणे गट करायचे. जौनपूर जिल्ह्यात झालेल्या चाचणीत गावकऱ्यांना शाळेच्या स्थितीची माहिती देणे आणि सभा भरवणे यांचा काही उपयोग झाला नाही. स्वयंसेवकांनी घेतलेल्या वाचनवर्गांना आलेली मुले मात्र पुढे सरकली. वरच्या इयत्तेचा अभ्यासक्रम ‘पूर्ण करण्याचा’ दबाव असतो, तिथे ही साधी गोष्ट करायला शिक्षकाला वरिष्ठांचे पाठबळ लागते.

बक्षिसांबद्दल मतभेद आहेत. रोलंड फ्रायर यांच्या प्रयोगांत डॅलस येथे दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून छोटी चाचणी दिली, की पुस्तकामागे २ डॉलर मिळत. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांचे आकलन त्याने सुधारले. न्यूयॉर्क आणि शिकागोत परीक्षेतल्या गुणांसाठी किंवा श्रेणीसाठी पैसे दिले, तिथे चाचण्यांत वाढ दिसली नाही. ‘गुण मिळव’ म्हणजे नक्की काय करायचे हे मुलाला कळत नाही, ‘हे पुस्तक वाच’ हे कळते.

सुट्टीचा प्रश्न वेगळाच. बॉल्टिमोरमधल्या मुलांचा १९८२ पासून दीर्घकाळ पाठपुरावा झाला. शाळा चालू असताना गरीब आणि सधन मुलांची प्रगती जवळपास सारखी होती, उन्हाळ्यात मात्र अंतर पडे, असे त्यातून पुढे आले. नव्या मोजमाप-पद्धतींनी हा फरक मूळ दाव्यापेक्षा लहान ठरवला आहे. तरी सुट्टीत पुस्तके देण्याचा उपाय स्वस्त आणि निर्धोक आहे. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दर वेळी १२ पुस्तके दिली. ती पुस्तके मुलांनीच निवडली होती. वाचनाचे गुण थोडे, पण निश्चित वाढले.

शिक्षणाची भाषा हा सगळ्यांच्या मुळाशी असलेला मुद्दा आहे. सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, अशी शिफारस युनेस्कोने १९५३ मध्येच केली होती. लिपी आणि भाषा दोन्ही एकाच वेळी अनोळखी असल्या, तर गॉफ आणि टनमर यांच्या गुणाकारातल्या दोन्ही संख्या एकदमच खाली येतात.

उशिरा वाचू लागणारी मुले

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०००च्या फेरीत पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. पालकांचा व्यवसाय सर्वांत खालच्या स्तरातला, पण मूल मन लावून वाचणारे, अशा गटाच्या वाचनातल्या गुणांची सरासरी ५४० होती. पालक सर्वांत वरच्या स्तरातले, पण वाचनात रस नसलेल्या गटाची ४९१. वाचल्यामुळे गुण वाढले की चांगले वाचता येणारेच अधिक वाचतात, हे अशा पाहणीतून वेगळे काढता येत नाही. बहुधा दोन्ही खरे आहे. पण पंधराव्या वर्षीही घरची परिस्थिती म्हणजे शेवटचा शब्द नसतो, एवढे हे आकडे दाखवतात.

बारा-तेरा वर्षांच्या, अजून अडखळत वाचणाऱ्या मुलांकडे बहुतेक योजनांची नजर पोचत नाही. अशा मुलाच्या हाती पहिलीचे मोठ्या अक्षरांचे ससा-कासवाचे पुस्तक दिले, तर तो ते दप्तरात लपवतो. मित्रांनी पाहिलेले त्याला चालत नाही. वाक्ये छोटी आणि शब्द ओळखीचे, पण विषय त्याच्या वयाचे असे साहित्य त्याला लागते : यंत्रे, खेळ, शोध, मैत्रीतले ताण, गुन्ह्याचा तपास. अनेक भाषांत अशी पुस्तके अगदी थोडी आहेत. याच वयोगटासाठी जोडीने वाचण्याची पद्धतही वापरतात. चांगले वाचणारा थोरला विद्यार्थी आणि अडखळणारा धाकटा एकाच पुस्तकावर एकत्र आवाज लावतात. धाकट्याला जमू लागले की तो हलकेच खूण करतो, थोरला गप्प होतो, आणि तो अडला की काही क्षण थांबून शब्द सांगतो व पुन्हा साथ धरतो.