जुन्या ज्यूकबॉक्सची रेकॉर्ड-यंत्रणा : दुरुस्तीपूर्वी ग्राहकांसाठी माहिती

सस्नेह नमस्कार. आमच्या छत्रपती संभाजीनगर येथील कार्यशाळेत येणाऱ्या ज्यूकबॉक्सची (बटण दाबून निवडलेली रेकॉर्ड आपोआप वाजवणाऱ्या यंत्राची) तक्रार बहुधा एकच असते : बटण दाबल्यावर मोटर घरघरते, पण रेकॉर्ड उचलली जात नाही. अशा वेळी उचलणारा दांडा कृपया हाताने ओढू नये, कारण अडकलेल्या गिअरचे दात तेवढ्याने तुटतात आणि ते नव्याने पाडून घेण्याचे काम मूळ दुरुस्तीपेक्षा महाग पडते.

दोष सहसा मोटरीचा नसून ग्रीसचा असतो. अनेक दशकांपूर्वी भरलेले ग्रीस डिंकासारखे घट्ट होते, आणि यंत्र माळवदाच्या वाड्यात ठेवलेले असेल तर वरून झिरपणारी पांढरी माती त्यात मिसळून कॅमच्या (दांड्याला हलवणाऱ्या फिरत्या चकतीच्या) खाचेत असा करडा थर बसतो, की तो नखाने खरवडूनही निघत नाही. त्यावर शिलाई मशीनचे तेल सोडल्यास यंत्र चार दिवस चालते आणि पुन्हा अडकते. म्हणून आम्ही यंत्रणा पूर्ण सुटी करतो, धातूचे भाग धुऊन त्यांना नवे ग्रीस देतो व कडक झालेली रबरी चाके बदलतो. या कामाला वेळ लागतो. तो कृपया द्यावा.

अमेरिकी यंत्रांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ट्रान्सफॉर्मर लावल्याने २३० व्होल्टचे ११७ व्होल्ट होतात, पण विजेची वारंवारता ५० हर्ट्झच राहते. मूळ मोटर ६० हर्ट्झची असल्याने मिनिटाला ४५ फेऱ्यांऐवजी सुमारे साडेसदतीसच फेरे होतात आणि हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर गाणे तीन पट्ट्या खाली उतरते. यावर उपाय म्हणजे मोटरीच्या दांड्यावर एक पंचमांशाने मोठ्या व्यासाची पुली बसवणे. ती आम्ही लेथवर करून घेतो.

अशा यंत्रांना साधारण ३८ मिलिमीटर भोकाच्या रेकॉर्ड लागतात, तर आपल्याकडील अनेक ईपींचे (मोजक्या गाण्यांच्या लहान रेकॉर्डचे) भोक लहान असते. ते घरी कोरू नये; केंद्र केसभर सरकले तरी सूर हेलकावे खातो.

लातूर, नांदेड किंवा बीडहून यंत्र पाठवताना सर्व रेकॉर्ड आधी काढून घ्याव्यात, आणि यंत्रणा स्प्रिंगांवर तोललेली असल्यास तिचे वाहतुकीचे बोल्ट आवळूनच ते टेम्पोत उभे ठेवावे.