१२८ चं ३२० केलं, पण वाढलं काय?

‘जुनी भजनं १२८ केबीपीएसची होती, सगळी ३२० ला कन्व्हर्ट केली. आता आवाज कसा खणखणीत!’ असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक भजनी मंडळात असतं. केबीपीएस म्हणजे ध्वनीच्या एका सेकंदासाठी फाइल किती हजार बिट खर्च करते तो आकडा, यालाच बिटरेट म्हणतात. त्यात ‘एमपीथ्री टाका, एचडी फ्लॅक (ध्वनीतलं काहीही न गमावणारा फाइलचा प्रकार) घेऊन जा’ म्हणणाऱ्या वेबसाइट तेल ओततात. फाइल अडीचपट जड होते, म्हणून काहीतरी पदरात पडल्यासारखं वाटतं. वाटीभर आमटी पातेल्यात ओतली तर पातेलं जड लागेल, पण आमटी वाटीभरच.

सीडीवर दर सेकंदाला ध्वनीच्या ४४,१०० नोंदी असतात, प्रत्येक १६ बिटची, आणि डाव्या-उजव्या बाजूची वेगळी. गुणाकार केला की १,४११ केबीपीएस येतात. १२८ ची एमपीथ्री म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. उरलेले दहा हिस्से कुठे गेले?

‘कानाला ऐकू न येणारा भाग काढून टाकतात’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. एमपीथ्री मुद्दाम गोंगाट घालते, पण तो अशा जागी की तुम्हाला कळू नये. मला तिची खरी हुशारी इथे दिसते.

हे मुळात कानाचं शास्त्र आहे. अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीत एक पडदा असतो. उंच स्वरांना तो सुरुवातीच्या टोकाला थरथरतो, खर्जाला आतल्या टोकाला. मोठा स्वर आला की नेमक्या जागेबरोबर शेजारचा भागही हलतो आणि तिथला बारीक आवाज त्यात बुडतो. १,००० हर्ट्झचा जोरकस स्वर चालू असताना १,१०० हर्ट्झचा बारीक स्वर ऐकूच येत नाही; ५,००० हर्ट्झचा तितकाच बारीक स्वर मात्र येतो. याला मास्किंग म्हणतात. ते खालच्या स्वरांपेक्षा वरच्या स्वरांकडे जास्त पसरतं.

जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी हेच कामाला लावलं. एन्कोडर (एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर) ध्वनीचे ५७६ नोंदींचे, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांचे तुकडे घेतो. शेजारच्या तुकड्यांवर चढवून तो प्रत्येकातून ५७६ आकडे काढतो: कोणत्या कंप्रतेचा जोर किती. मग कोणत्या पट्ट्यात किती गोंगाट खपून जाईल याचा हिशोब करतो आणि तिथले आकडे तेवढेच ढोबळ लिहितो. ३७.४ च्या जागी ४०. हा जो २.६ चा फरक, तोच गोंगाट. ढोबळ आकड्यांना बिट कमी लागतात, बचत होते ती इथे.

यात एक गोची आहे. ढोबळपणा कंप्रतेच्या आकड्यात केला, तरी त्याचा गोंगाट त्या अख्ख्या तुकड्याभर पसरतो. शांततेत तबल्यावर खणखणीत ‘ना’ पडला आणि तो तुकड्याच्या शेवटी आला, तर गोंगाट थापेच्या आधीच ऐकू येतो. थापेनंतरचा गोंगाट कान बराच वेळ माफ करतो, आधीचा जेमतेम काही मिलिसेकंद. म्हणून अशी थाप दिसली की एन्कोडर एकतृतीयांश लांबीचे तुकडे घेतो. तरीही १२८ वर तबला, चिपळ्या, झांज यांची धार किंचित ‘फस्स’ अशी बोथट लागते.

आता हीच फाइल ३२० ला नेली की काय होतं? सॉफ्टवेअर आधी एमपीथ्री उलगडतं. त्यात ४० असतात, ३७.४ कुठेच शिल्लक नसतात. नव्या एन्कोडरला जुना गोंगाट संगीतच वाटतो, तो त्याचीही इमाने इतबारे नोंद ठेवतो आणि वर स्वतःचं ढोबळीकरण करतो. तुकड्यांच्या सीमा बहुधा जुळत नाहीत, म्हणून चूक चुकीवर चढते. फ्लॅकला नेलं तर नवी चूक होत नाही, कारण फ्लॅक एकही बिट गमावत नाही; पण जुनी चूकही तंतोतंत जपली जाते.

पडताळायचं असेल तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ट्रॅकच्या मेनूत स्पेक्ट्रोग्राम (खाली खर्ज, वर उंच स्वर असं ध्वनीचं चित्र) निवडा आणि वरची मर्यादा २०,००० हर्ट्झ ठेवा. १२८ च्या एमपीथ्रीत साधारण १६,००० च्या आसपास सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते, वर काळोख. नाव फ्लॅक आणि रेघ ही अशी, तर माल कुठून आला ते उघड आहे. जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या ध्वनीत वरचा भाग हळूहळू विरतो, इतका सरळ कापला जात नाही.

रूपांतराच्या बाजारात आणखी एक खूळ आहे, ‘४३२ हर्ट्झ’चं. वाद्यं जुळवायचा प्रमाण स्वर ४४० हर्ट्झचा धरतात; गाणं त्या ४४० वरून ४३२ ला आणलं की म्हणे मन शांत होतं, पेशी दुरुस्त होतात. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर पट्टी अर्ध्या सुराच्या एकतृतीयांशाने उतरवतं, बाकी काही नाही. आपल्याकडे षड्ज गवयागणिक बदलतो, कुणाचा काळी एक, कुणाचा काळी पाच. विश्वाचा एकच स्वर ठरलेला असता तर तानपुऱ्याच्या खुंट्या पिळायची गरजच पडली नसती.

मग कन्व्हर्ट करायचं कधी? घरच्या कॅसेट संगणकात घ्यायच्या तर आधी फ्लॅकमध्ये घ्याव्यात आणि मोबाइलसाठी त्यावरून एमपीथ्री काढावी. व्हिडिओतून नुसता आवाज हवा असेल तर एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी’चा पर्याय आहे. तो ध्वनीला हात न लावता एका डब्यातून दुसऱ्यात ठेवतो, त्यामुळे तासाभराचं कीर्तन काही क्षणांत निघतं. व्हॉट्सअॅपवरचा व्हॉइस मेसेज ओपस प्रकारात असतो. जुन्या प्लेअरला तो चालत नाही, तेव्हा एमपीथ्री करण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी बिटरेट सढळ ठेवावा, म्हणजे दुसरं ढोबळीकरण कमीत कमी होतं, आणि मूळ ओपस फाइल पुसू नये.