ऑस्ट्रेलियातल्या कॅथलिक शाळा: संडासापासून लॅपटॉपपर्यंत

सिडनीच्या पश्चिमेला पॅरामॅटा डायोसिसच्या (म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या चर्चच्या विभागाच्या) कॅथलिक शाळांत भिंती काढून केलेले मोठे वर्ग, एकाच जागी तीन-चार शिक्षक, पोरांच्या हातात लॅपटॉप असं दिसतं आणि पालकांना वाटतं हे काय नवीन फॅड. (हॅरिस पार्क-वेस्टमीडला आपली मंडळी भरपूर, त्यातल्या काहींना तरी हा प्रश्न पडला असणार.) पण यामागे दीडशे वर्षांचं भांडण आहे, आणि ते मुख्यतः पैशाचं.

व्हिक्टोरियाने 1872 मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने 1880 मध्ये कायदा करून चर्चच्या शाळांचं अनुदान बंद केलं. मग बिशपांनी आयर्लंडहून सिस्टर आणि ब्रदर (संसार सोडून चर्चला वाहून घेतलेली माणसं) आणले, शिवाय इथल्याच सिस्टर मेरी मॅकिलॉप होत्या, ज्यांनी 1866 ला पेनोला गावात चक्क एका जुन्या तबेल्यात शाळा काढली होती. सिस्टरना पगार नाही, म्हणून फी नावापुरती, आणि मुख्याध्यापिकाही सिस्टरच. माझ्या मते ही सगळी व्यवस्था त्यांच्या फुकटच्या कष्टांवर उभी होती, हे कोणी फारसं बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, माल्टाहून लोक आले आणि एकेका वर्गात साठ-साठ मुलं बसायला लागली.

मग 1962, न्यू साउथ वेल्समधलं गोलबर्न गाव. सरकारी अधिकाऱ्यांनी एका कॅथलिक प्राथमिक शाळेला सांगितलं की तीन संडास वाढवा, चर्च म्हणालं पैसे नाहीत, आणि गावातल्या कॅथलिक शाळाच बंद करून शेकडो मुलं सरकारी शाळांच्या दारात नेऊन उभी केली, की घ्या आता तुम्हीच! अर्थात तिथे एवढी जागा कुठली. आठवड्यात हा शाळाबंदीचा संप मिटला पण मुद्दा देशभर गाजला, आणि 1963 च्या निवडणुकीत पंतप्रधान मेन्झीजनी सायन्स लॅबसाठी वर्षाला 50 लाख पौंड जाहीर केले, खाजगी शाळांनाही. कॅथलिक मतं हवी होती हे उघड आहे. म्हणजे केंद्राचा पैसा आला तो आधी इमारतीसाठी.

1970 पासून केंद्राचं नियमित अनुदान सुरू झालं, आणि 1973 च्या कार्मेल अहवालानंतर (शाळांच्या पैशावरचा सरकारी समितीचा अहवाल) ते शाळेच्या गरजेप्रमाणे मिळायला लागलं. तोवर सिस्टर कमी होत चालल्या होत्या, पगारी शिक्षक आले, मुख्याध्यापकही संसारी माणसं, आणि खरी सूत्रं डायोसिसच्या ऑफिसात गेली. म्हणूनच पुढे पॅरामॅटात ग्रेग व्हिटबींसारखा शाळांचा प्रमुख आला तेव्हा ऐंशीच्या आसपास शाळांचे वर्ग कसे असावेत यावर एका जागेवरून जोर लावता आला, आणि त्याच सुमारास पंतप्रधान केविन रड यांच्या केंद्र सरकारचे लॅपटॉपचे पैसे, पाठोपाठ जागतिक मंदी आल्यावर 2009 मध्ये शाळांच्या इमारतींसाठी देशभरात 16.2 अब्ज डॉलर!

तसं ओपन प्लॅनचं, म्हणजे भिंती नसलेल्या मोठ्या वर्गांचं वारं सत्तरच्या दशकातही आलं होतं, तेव्हा गोंगाटाला कंटाळून बऱ्याच शाळांनी परत पार्टिशन घातली. या वेळी टीम करून शिकवायचं ट्रेनिंगही सोबत दिलं गेलं हा फरक आहे, गोंगाटाची तक्रार मात्र अजून तीच आहे.