नाट्यावकाश, रूपांतरित

वापरातून गेलेल्या इमारतीचा मूळ सांगाडा कायम ठेवून तालमी आणि प्रयोगांसाठी केलेली जागा. ही नोंद विसाव्या शतकातील आधुनिकतावादी इमारतींपुरती असून तिचा रोख मुख्यतः सांगलीवर आहे. साताऱ्याचा विचार जेथे वेगळा पडतो तेथेच केला आहे. ‘नाट्यगृह’ हा शब्द नाटकासाठीच बांधलेल्या वास्तूला रूढ असल्याने येथे ‘नाट्यावकाश’ वापरला आहे. रंगकर्मी बोलताना नुसते ‘जागा’ म्हणतात: ‘जागा मिळाली का?’ पारिभाषिक शब्दांपेक्षा हाच नेमका म्हणावा लागेल.

पूर्वपीठिका : या प्रथेचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. एक मत ती पाश्चात्त्य मानते. लंडनमधील राउंडहाउस ही 1847 ची रेल्वे एंजिनांची गोल शेड 1960 च्या दशकात नाट्यकेंद्र झाली. पॅरिसजवळच्या व्हँसेन येथील दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्यात 1970 पासून नाटके होऊ लागली. साओ पावलो येथील पिंपांच्या कारखान्याचे लीना बो बार्दी या वास्तुविशारद स्त्रीने केलेले रूपांतर 1982 मध्ये खुले झाले. त्यातील रंगमंचाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना प्रेक्षक बसतात. या मताचे अभ्यासक मराठीतील प्रयत्नांकडे त्या लाटेची उशिरा पोहोचलेली पडसाद म्हणून पाहतात.

दुसऱ्या मतानुसार मराठी नाटक जन्मापासूनच उसन्या जागेत वाढले. विष्णुदास भावे यांनी सीता स्वयंवर हा खेळ 1843 मध्ये सांगलीत केला, तो चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने, राजवाड्यात. नाटकासाठी बांधलेल्या घरात नव्हे. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ संस्थानिकांनी पाहिले होते व तसे काही मराठीत करण्याची सूचना भाव्यांना केली होती, असे सामान्यतः मानले जाते. या खेळाला आद्य मराठी नाटक म्हणावे का, हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. तंजावरचे शाहराजे भोसले (कार. 1684–1712) यांच्या काळातील मराठी नाटकांची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात असल्याने लेखनाचा मान तंजावरकडे जातो. मात्र त्या परंपरेचा महाराष्ट्रातील पुढच्या रंगभूमीशी सलग धागा दाखवता येत नाही. म्हणून सार्वजनिक, फिरत्या रंगभूमीचा आरंभ सांगलीपासून धरणे अधिक सोयीचे ठरते आणि 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच धारणेवर उभा आहे. प्रस्तुत विषयाला या वादातून एवढेच लागते की, दोन्ही ठिकाणचे प्रयोग राजाश्रयाखालचे होते. तिकीट काढून बसायचे स्वतंत्र घर कोठेच नव्हते. अप्पासाहेब 1851 मध्ये वारले, दरबारचा आश्रय तुटला आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. नाटकाचे घर आणि नाटकाची जागा यांतील फरक मराठीत तेव्हापासूनचा आहे.

विसाव्या शतकातील सर्वांत परिणामकारक उदाहरण दादरच्या छबिलदास शाळेचे. तिच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या पुढाकाराने प्रायोगिक नाटके होऊ लागली आणि शाळेचे नाव चळवळीला चिकटले. ती इमारत आधुनिकतावादी नव्हती व पडीक तर मुळीच नव्हती; दिवसा शाळा भरे, संध्याकाळी नाटक. तरीही कमानी रंगमंचाशिवाय, प्रेक्षकांपासून हाताच्या अंतरावर नाटक उभे राहू शकते हे मराठी नटांना आणि प्रेक्षकांना तेथे पटले. ते पटले नसते तर गोदामात नाटक करण्याची कल्पना वेडगळ ठरली असती.

‘आधुनिकतावादी’ कशाला म्हणावे : काटेकोर व्याख्येत नामवंत वास्तुविशारदांच्या उघड्या काँक्रीटच्या, अलंकरण टाळणाऱ्या इमारती येतात. अच्युत कानविंदे यांचे काम किंवा अहमदाबादमधील टागोर सभागृहाची घडीदार काँक्रीटची भिंत ही त्यांची उदाहरणे. ही व्याख्या लावली तर सांगलीत पाहण्याजोगे फार थोडे उरते. व्यापक व्याख्येत सुमारे 1950 ते 1980 या काळातील सरकारी, सहकारी आणि शैक्षणिक बांधकाम येते : सपाट गच्ची, खांबतुळयांचा आरसीसी सांगाडा, खिडक्यांवरून सलग गेलेला छज्जा, जिन्यालगत सिमेंटची जाळी, जमिनीला मोझॅक किंवा शहाबादी फरशी. अशी इमारत कोणा एकाची शैली म्हणून उभी राहिलेली नसते. बांधकाम खात्याचा ठरावीक नकाशा आणि गावच्या गवंड्याचा हात यांतून ती झालेली असते. येथे व्यापक व्याख्याच स्वीकारली आहे, कारण रिकामी पडणारी इमारत बहुधा हीच असते.

अशा इमारतींना वारसा म्हणून संरक्षण मिळणे अवघड असते. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. दिल्लीतील हॉल ऑफ नेशन्स (1972) हे राज रेवाल व महेंद्र राज यांचे प्रदर्शनगृह एप्रिल 2017 मध्ये पाडले गेले. साठ वर्षे पूर्ण न झालेली इमारत वारसा यादीसाठी विचारात घेता येत नाही, अशी भूमिका तेथील समितीने घेतली होती. जुन्या वाड्याबद्दल हळहळणारा माणूस बंद पडलेल्या तालुका कचेरीकडे ढुंकून पाहत नाही. तिला वाचवायचे तर तिचा काही उपयोग दाखवावा लागतो.

भार आणि सांगाडा : रूपांतरातील पहिला प्रश्न सौंदर्याचा नसून वजनाचा असतो. भारतीय मानक 875 (भाग 2) नुसार कार्यालयाच्या मजल्यावर चल भार (माणसे व हलते सामान यांचे वजन) साधारण 2.5 किलोन्यूटन प्रति चौ. मी., वर्गखोलीत 3, बसवलेल्या खुर्च्यांच्या सभागृहात 4, तर मोकळ्या बैठकीच्या सभागृहात 5 धरतात. म्हणजे कार्यालयासाठी बांधलेल्या वरच्या मजल्यावर सतरंजी टाकून लोक बसवले, तर हिशेबातला भार दुप्पट होतो. खुर्च्या काढल्यावर भार घटत नाही, वाढतो, कारण मोकळ्या जागेत माणसे दाटीने बसतात व उभी राहतात. ही गोष्ट हौशी मंडळींना हमखास उलटी वाटते.

तळमजल्याची जमीन थेट भरावावर असल्याने हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. म्हणून बहुतेक मार्गदर्शक पुस्तके नाटक तळमजल्यावर ठेवायला सांगतात. सांगलीत हा सल्ला जसाच्या तसा चालत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा सुमारे 55 फुटांपर्यंत चढले. गावभागात आणि नदीकाठच्या पेठांत तळमजल्यावरचा लाकडी मंच, प्रकाशयोजनेचा डिमर (दिव्यांची तीव्रता कमी-जास्त करणारे यंत्र) आणि पडदे एका पुरात जातात. भाराचा हिशेब खाली ढकलतो, नदी वर ढकलते. विश्रामबाग, मिरज रस्ता अशा उंच भागात हा पेच सौम्य होतो. पूररेषेतल्या इमारतीत मध्यममार्ग असा : प्रयोग तळमजल्यावर, मंच सुट्या चौरंगांचा, विजेची फळी व उपकरणांची खोली वरच्या मजल्यावर, रंगपटही वरच. मग पाणी येण्याआधी हलवायचे सामान माणसांना एका दुपारी उचलता येईल एवढेच राहते.

दुसरी अडचण खांबांची. कचेरीच्या सांगाड्यात खांब साधारण तीन ते साडेचार मीटरवर येतात. खेळासाठी निदान आठ मीटर मोकळे अंतर हवेसे वाटते. मधला खांब काढण्याचा मोह होतो आणि तो टाळणेच बरे. खांब विंगेच्या जागी येईल असा मंच फिरवावा किंवा खांब नेपथ्यात धरावा. मार्केट यार्डातील गोदामे व कारखान्यांच्या शेड यांत कैच्यांमुळे (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींमुळे) मोकळे अंतर भरपूर मिळते. पण त्यांवर बहुधा सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतात. ते फोडू वा घासू नयेत; त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. शिवाय पत्र्यावर पाऊस सुरू झाला की संवाद संपला. सुदैवाने हौशी नाटकाचा भर दिवाळीनंतर असतो.

भूकंपाचा विचार साताऱ्याकडे अधिक गंभीर होतो. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने दख्खनचे पठार स्थिर असल्याची समजूत मोडली. 1970 मध्ये भारतीय मानक 1893 मधील भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारला गेला व कोयना परिसर वरच्या श्रेणीत आला. त्यापूर्वीच्या इमारतींत आडव्या जोराचा हिशेब तुटपुंजा असण्याची शक्यता मोठी. लवचीक सळईबांधणीचे स्वतंत्र मानक (13920) तर 1993 चे. अशा इमारतीत सभागृह मोठे करण्यासाठी तळमजल्यावरील विटांच्या भिंती पाडल्या की तो मजला वरच्यापेक्षा लेचापेचा होतो आणि हादऱ्यात आधी तोच बसतो. भिंत ‘भार घेत नाही’ हे गवंड्याचे म्हणणे उभ्या भारापुरते खरे असते.

काँक्रीटची तपासणी रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारा हातोडा), ध्वनिलहरींचा वेग आणि गाभ्याचा नमुना या क्रमाने करतात. गच्चीची गळती, गंजून फुगलेली सळई आणि सुटलेले पापुद्रे या तीन खुणा मात्र डोळ्यांनीच दिसतात. दिवे टांगायला स्लॅबमध्ये भोके पाडून हुक मारू नयेत. खांबापासून खांबापर्यंत लोखंडी पाइपची स्वतंत्र चौकट करावी. एक किलोवॉटचे वीस हॅलोजन दिवे लावायचे तर वीस किलोवॉट भार व त्रिकला (थ्री-फेज) जोडणी लागते. दोनशे वॉटचे एलईडी घेतले तर चार किलोवॉटमध्ये भागते.

ध्वनी : रिकाम्या काँक्रीटच्या खोलीत आवाज घुमतो. यावरचे मूलभूत काम हार्वर्डचे वॉलेस सॅबीन यांनी 1895 पासून केले, तेही एका बिघडलेल्या सभागृहाच्या दुरुस्तीच्या निमित्ताने. फॉग व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. सॅबीन रात्री शेजारच्या नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या आणून मांडत आणि घुमणे किती घटले ते मोजत. त्यांचे सूत्र असे : घुमण्याचा काळ = 0.161 × घनफळ ÷ एकूण शोषण. 20 × 12 × 5 मी. च्या गोदामाचे घनफळ 1200 घ. मी., पृष्ठभाग 800 चौ. मी. शोषणांक (पृष्ठभाग आवाजाचा किती अंश शोषतो तो आकडा) सरासरी 0.03 धरला तर शोषण 24 आणि घुमण्याचा काळ सुमारे आठ सेकंद येतो. दीडशे प्रेक्षक बसले (प्रत्येकी सु. 0.45) की तो जेमतेम दोन सेकंदांवर उतरतो. गद्य नाटकाला एक सेकंदाच्या आसपास हवा. म्हणजे आणखी शंभर चौ. मी. इतके पूर्ण शोषण लागते. अर्धे शोषणारे साहित्य वापरल्यास दोनशे चौ. मी. संगीत नाटकाला थोडे घुमणे मानवते व 1.2 ते 1.4 सेकंद चालतात. एकाच जागेत दोन्ही करायचे तर सरकते पडदे बरे. माण-खटावकडची जाड घोंगडी भिंतीपासून वीतभर सोडून टांगली तर ती बाजारातल्या फोमपेक्षा वाईट काम देत नाही. मात्र आगीचा विचार दोहोंना सारखाच लागू आहे.

परवाने व अग्निसुरक्षा : वापरबदलाची परवानगी, 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याखालील व्यवस्था आणि तिकीट लावल्यास प्रयोगाचा परवाना असे हे टप्पे आहेत. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत नाट्यावकाश ‘जमाव’ गटात पडतो, त्यामुळे कचेरीला पुरणारा एक जिना येथे पुरत नाही. कोल्हापुरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 रोजी जळाल्यावर या कलमांकडे पाहण्याची दृष्टी या भागात बदलली.

सांगली व सातारा : गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे आणि बालगंधर्वांचे रंगभूमीवरील पदार्पण 1905 चे, मिरजेतले. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह आणि साताऱ्यात शाहू कला मंदिर अशी बांधीव नाट्यगृहे आहेत. रूपांतरित जागेची गरज त्यांच्या अभावातून येत नाही. मोठ्या नाट्यगृहात शंभर प्रेक्षकांचा प्रयोग भाड्यालाही पुरत नाही आणि तालमीला महिनाभर जागा तर कोणीच देत नाही. 1954 मध्ये सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी उभ्या राहणाऱ्या हौशी संघांची खरी अडचण तालमीची असते, प्रयोगाची नव्हे. म्हणून रूपांतराचा आराखडा करताना मंचाआधी तालमीची खोली, पाण्याची टाकी आणि स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह ठरवावे. वाळवे तालुक्यातून पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे आले. पण तमाशा आणि लोकनाट्य कनातीत व उघड्या पटांगणात वाढल्याने त्यांच्या सोयीची बंद इमारत कशी असावी याची मोजमापे कोठे बांधली गेली नाहीत.

देखभाल : सपाट गच्चीवर पाणी साचू देऊ नये. निचऱ्याची तोंडे मेअखेरीस साफ करावीत, चुन्यात घोटलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर उखडला असल्यास पाडव्यानंतरच्या उन्हात नवा घालावा आणि पहिल्या वळवानंतर छताची ओल खडूने आखून ठेवावी. पुढच्या वर्षी ती रेघ ओलांडली गेली असेल, तर पडद्याचे कापड घेण्याआधी गच्चीचे काम काढावे.