नियमांच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवायची, आणि ती बाद का होते

सिव्हिल लाइन्सला शासकीय मुद्रणालय आहे, तरी राजपत्र उघडून वाचलेला माणूस नागपुरात मला क्वचितच भेटतो. नवा नियम करण्याआधी सरकार लोकांच्या हरकतींसाठी त्याचा मसुदा राजपत्रात छापतं; लोकांकडे तो व्हॉट्सअॅपवर येतो, तोही अर्धा. मग मुदतीच्या आदल्या रात्री फोन सुरू होतात. हरकती लिहून देताना तीच तीच माणसं तिथंच अडलेली पाहिली, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतो.

आधी तारीख, कारण सगळ्यात जास्त हरकती तिथंच मरतात. राज्याच्या मसुद्यात साधारण असं वाक्य असतं: ‘उक्त मसुदा दिनांक २० रोजी किंवा त्यानंतर विचारात घेण्यात येईल.’ लोक २० ही शेवटची तारीख धरतात. पण पुढची ओळ वाचा: त्या दिनांकापूर्वी ‘प्राप्त होणाऱ्या’ हरकतींचाच विचार होईल. म्हणजे १९ला कागद तिथं पोहोचलेला हवा. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ (कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ आणि नियम करायची सामाईक रीत सांगणारा केंद्राचा कायदा) याच्या कलम २३ मध्येही हेच आहे. टपालात टाकल्याची तारीख इथं चालत नाही. “मी तं अठरालेच टाकलं होतं ना भाऊ!” असं पावती नाचवत सांगणाऱ्या एका गृहस्थांपुढे मला काही बोलता आलं नव्हतं. ईमेल दिला असेल तर ईमेल करा आणि कागद वेगळा पाठवा.

केंद्राच्या मसुद्यांत दिवस मोजायची पद्धत निराळी. तिथं बहुधा राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्यापासून ३० किंवा ६० दिवस धरतात. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्यावर तारीख होती २३ मार्च, राजपत्रात तो आला ११ एप्रिलला. मुदतीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मसुदा द्या, असंही सांगितलं. तोवर तो हिंदी-इंग्रजीतच होता.

पात्रता आणि कागदपत्रांचं एका दमात सांगतो. ‘बाधा पोहोचण्याचा संभव असलेली’ कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. नाव, पत्ता, सही, मसुद्याचा क्रमांक आणि दिनांक एवढं पुरे. शुल्क नाही, प्रतिज्ञापत्र नाही. ५०० रुपयांचा मुद्रांक घेऊन नोटरीच्या रांगेत उभे राहणारे लोक दिसले की जीव तुटतो.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: नियमाच्या परिणामांचा अंदाज. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार (म्हणजे कायदा किंवा नियम करण्याआधी लोकांचं मत घ्यायचं धोरण) मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. सोबत द्यायचं असतं त्याचं कारण, आर्थिक भार, आणि पर्यावरण, मूलभूत हक्क व लोकांच्या उपजीविकेवरच्या परिणामांचा अंदाज. धोरण छान आहे, पण तो कायदा नाही, त्यामुळे हा अंदाज मसुद्याला जोडलेला फार कमी वेळा दिसतो. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाने (आयबीबीआय) २०१८ मध्ये स्वतःच्या विनियमांसाठी आर्थिक विश्लेषण आणि २१ दिवसांची मुदत ठरवून घेतली. बाकीच्यांना कोणी अडवलंय?

हा कागद माहितीच्या अधिकारात मागा म्हणतात. मागा, पण हिशेब बघा: उत्तराला ३० दिवस, हरकतीलाही ३०. म्हणून मसुदा दिसला त्याच दिवशी १० रुपयांचा अर्ज टाका, त्यात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ग)चा (महत्त्वाचं धोरण ठरवताना संबंधित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा, असं सांगणारं) उल्लेख करा, आणि ‘परिणामांचा अंदाज मागितला आहे, मिळालेला नाही, मुदत वाढवावी’ हे हरकतीतच लिहा.

तो अंदाज मिळत नसेल तर आपल्यापुरता आपणच मांडायचा, हरकतीचा जीव त्यातच असतो. महालातल्या एका काकू संत्रा बर्फी पाकिटं भरून विकतात. लेबलच्या नियमाचा मसुदा आला तेव्हा त्यांनी ‘हा नियम लघुउद्योगाचा गळा घोटणारा असून आमचा तीव्र विरोध आहे’ असं लिहिलं होतं, खाली गल्लीभराच्या सह्या. मी विचारलं, छापील पाकिटं किती पडून आहेत? किती महिने पुरतील? नवीन छपाईला प्रेसवाला कमीत कमी किती नग मागतो? काकूंनी माळ्यावरून गठ्ठे उतरवून मोजले. मग अर्ज असा झाला: अमुक नियम, अमुक खंड, हातातला साठा इतका, तो वाया गेल्यास नुकसान इतकं, साठा संपेपर्यंत सवलत द्यावी, सुचवलेला मजकूर असा. सह्यांचा कागद मागे लावला. शंभर जणांनी एकच छापील पत्र पाठवलं तरी मुद्दा एकच मोजला जाण्याची शक्यता जास्त.

काही खाती ठरावीक तक्ता देतात. तो दिला असेल तर त्यातच भरा. राज्याला मराठीत लिहा. केंद्राला मराठीसोबत हिंदी किंवा इंग्रजीत अर्ध्या पानाचा सारांश जोडा. शहराच्या विकास आराखड्याच्या हरकतीवर नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. नियमांच्या मसुद्याला ती बहुधा नसते, तेव्हा ‘बाकी प्रत्यक्ष बोलू’ असं म्हणून काही राखून ठेवू नका.

आवक क्रमांकाची पोच मात्र जपा. अंतिम नियम राजपत्रात आले, पूर्वप्रसिद्धीनंतर, म्हणजे मसुदा आधी छापून, केल्याचं त्यात म्हटलं, की नियम रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा, असं वाक्खंड अधिनियमाचं कलम २३(५) सांगतं. म्हणून पुढे माहितीच्या अधिकारात मागायचं ते एवढंच: आलेल्या हरकतींचा गोषवारा, आणि तुमच्या आवक क्रमांकापुढे नस्तीत (फाइलीत) लिहिलेला शेरा.