शाळेच्या कामाचा ठराव ग्रामसभेत मंजूर कसा करून घ्यायचा: मत कोणाला, कागद कोणते, वेळ कधीची

जिल्हा परिषदेच्या शाळेचं काम अडलं की गावात एकच वाक्य ऐकू येतं, "वरून निधी आला पाहिजे." वरून येईल तेव्हा येईल. पण ग्रामपंचायतीच्या खात्यावर वित्त आयोगाचे जे पैसे जमा होतात, त्यातले शाळेला किती द्यायचे हे गावातच ठरतं, ग्रामसभेत, हात वर करून. तिथे पालकांची संख्या हीच ताकद असते. फक्त ती योग्य दिवशी, योग्य कागदासह हजर पाहिजे.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार होतं, कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेरून दार ओढून धरायची. टाकीत पाणी नव्हतं ते वेगळंच. २६ जानेवारीच्या सभेत "आयत्या वेळचे विषय" निघाले तसा मी उठलो आणि हे सगळं पोटतिडकीने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, "घेऊ करून" असं उत्तरही मिळालं. महिन्याने इतिवृत्त बघितलं तर त्यात माझ्या बोलण्याची एक ओळ नव्हती. चूक माझीही होती. अर्ज नाही, अंदाजपत्रक नाही, विषयपत्रिकेवर विषय नाही. मग नोंद कशाची घेणार?

पैसे कुठले असतात

शाळेला समग्र शिक्षा अभियानातून पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती यातच ते संपतं. मोठ्या कामाला ग्रामपंचायतीकडेच जावं लागतं.

ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीचे दोन भाग असतात, बंधित (ठरलेल्या कामांसाठीच) आणि अबंधित (गावाने ठरवायचा). पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात बंधित ६० टक्के होता: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. अबंधित ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा कालावधी आहे, त्यामुळे अर्ज करताना चालू वर्षाच्या शासन निर्णयातली विभागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (म्हणजे आपले ग्रामसेवक, पदाचं नाव बदललं आहे) बघून घ्या.

आता खरी मेख. गावातली सगळी ओढाताण अबंधित निधीवर असते: रस्ता, गटार, सभामंडप, पेव्हर ब्लॉक. शाळेने तिथे रांगेत उभं राहिलं तर नंबर शेवटचा. पण शाळेतलं स्वच्छतागृह, हात धुण्याचं स्टेशन, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि नळ ही कामं पाणी-स्वच्छतेची आहेत, ती बंधित निधीत मागता येतात. त्या डब्यात गर्दी कमी असते. आम्ही दुसऱ्या खेपेला मागणीचे दोन तुकडे केले. पाणी आणि स्वच्छतागृह बंधितमधून, वर्गाच्या छताची दुरुस्ती अबंधितमधून. पहिला तुकडा त्याच वर्षी पदरात पडला.

याशिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. मुलींच्या सोयीचं एखादं छोटं काम त्यात बसतं का, हेही विचारून ठेवा.

मत कोणाला देता येतं

गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. वय १८ पूर्ण आणि यादीत नाव, बस. मूल शाळेत असण्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी राहून रोज ये-जा करणारे मुख्याध्यापक सभेत माहिती देऊ शकतात, पण त्यांचा हात मोजला जात नाही. शेजारच्या गावातून मूल पाठवणाऱ्या पालकाचाही नाही. उलट ज्यांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यांना पूर्ण मत आहे. त्यांच्याकडेही जायला लाजू नका.

सगळ्यात जास्त मतं जिथे गळतात ती जागा म्हणजे सुना. पहिलीत मूल असलेल्या आईचं नाव पुष्कळदा अजून माहेरच्या यादीतच असतं. आम्ही पटावरच्या मुलांच्या घरांची यादी मतदार यादीशी ताडून पाहिली तेव्हा हे लक्षात आलं. नाव इकडे आणायला नमुना ८ भरायचा, नवीन नावाला नमुना ६. बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) किंवा ऑनलाइन. हे काम सभेच्या आठवड्यात होत नाही, तीन-चार महिने आधी हाती घ्या.

गट ग्रामपंचायत (दोन-तीन गावं-वाड्यांची मिळून एक) असेल तर वाडीच्या शाळेचं दुखणं वेगळं. मोठ्या गावाचे हात जास्त, वाडीचे कमी. अशा वेळी वॉर्डसभेत (आपल्या वॉर्डातल्या मतदारांच्या सभेत) आधी विषय मंजूर करून घ्या आणि तो ग्रामसभेपुढे न्या. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातल्या पाड्यांना स्वतःची ग्रामसभा असते आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधीही थेट मिळतो, तिथे वाट बरीच सोपी आहे.

वेळ कधीची

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. रिवाज २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर असा. पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरपासून सुरू होतं. "आमचं गाव, आमचा विकास" या नावाने लोक त्याला ओळखतात. तुमचं काम या आराखड्यात नसेल तर वर्षभर कितीही ठराव करा, पैसे निघत नाहीत.

म्हणून माझ्या मते लढायची सभा २ ऑक्टोबरचीच. ऊसतोडीचं गाव असेल तर दुसरं काही बघूच नका. दसऱ्या-दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की शाळेवर ज्यांचा सगळ्यात जास्त भार आहे ते आईबाप कारखान्याच्या फडावर असतात आणि २६ जानेवारीच्या सभेला त्यांच्या नावापुढे सही करायला कोणी नसतं.

नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते आणि विषयपत्रिका तिच्यासोबत जाते. तेव्हा अर्ज त्याच्याही आधी, निदान तीन आठवडे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती वहीत होते, अंगणात होत नाही. ती प्रत्यक्ष भरवा. आमच्याकडे स्वच्छतागृहाचा विषय तिथे निघाला आणि ज्या बायका ग्रामसभेत कधी तोंड उघडत नाहीत त्यांनी अर्धा तास बाकी कोणाला बोलू दिलं नाही.

कागद कोणते

पहिला कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा बनवणं हे तिचंच काम आहे. त्या आराखड्यातलं संबंधित पान झेरॉक्स करून जोडा. आराखडा कपाटात नुसता पडून असेल तर आधी तो बाहेर काढून आजच्या स्थितीप्रमाणे दुरुस्त करा.

सोबत हे लागेल:

- पटसंख्येचा मुख्याध्यापकांचा दाखला, मुलं आणि मुली वेगळ्या दाखवून
- शाळेचा ११ अंकी यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) क्रमांक आणि यू-डायसच्या अहवालाची प्रिंट
- शाखा अभियंत्याकडून केलेलं अंदाजपत्रक
- जागेचा उतारा: ग्रामपंचायत नमुना ८, किंवा जागा गावठाणाबाहेर असेल तर सातबारा
- हेच काम दुसऱ्या कुठल्या योजनेतून मंजूर नाही, असा दाखला
- तारखेसह फोटो, चार-पाच पुरेत

अंदाजपत्रकाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अभियंत्यांकडे डझनभर गावं असतात, त्यामुळे त्यांच्या मागे लागणारा एक माणूस समितीने नेमून ठेवावा. जुनी खोली पाडून नवी बांधायची असेल तर त्याआधी जिल्हा परिषदेकडून निर्लेखन (जुनं बांधकाम मोडीत काढण्याची परवानगी) मंजूर करून घ्यावं लागतं. त्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. हे एकच काम वर्ष खाऊ शकतं, म्हणून पहिल्या वर्षी दुरुस्तीच मागा असं मी सांगेन.

यू-डायसची प्रिंट नीट वाचा. आमच्या प्रिंटमध्ये "मुलींचं स्वच्छतागृह: वापरात" असं होतं. कागदावर सगळं आलबेल असेल तर पैसे कोण देणार? मुख्याध्यापकांना सांगून ती माहिती पुढच्या फेरीत खरी करून घेतली.

अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावे, दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन आपल्याकडे. "ठेवून जा, बघतो" असं म्हटलं तर तिथेच बसून राहा, पोच हातात पडेपर्यंत. अर्जात भावनेपेक्षा कायदा लिहा: शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलांना आणि मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, सुरक्षित पिण्याचं पाणी, अडथळामुक्त प्रवेश, मैदान, संरक्षक भिंत किंवा कुंपण हे शाळेचे निकष म्हणून दिलेले आहेत. आपण उपकार मागत नाही, एवढं त्या एका वाक्याने कळतं.

सभेच्या दिवशी

गणपूर्ती म्हणजे कोरम: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. ५०० मतदारांच्या गावात ७५, बाराशेच्या गावात १००. पट ६० असलेल्या शाळेच्या प्रत्येक घरातून दोघं आले, तर भावंडांची घरं एक धरूनही निम्म्याहून जास्त कोरम शाळेचाच होतो. हे गणित आदल्या आठवड्यात पालक सभेत फळ्यावर मांडून दाखवा, भाषणापेक्षा ते लवकर पटतं.

घरं वाटून घ्या, एकाकडे दहा. नुसता व्हॉट्सॲपवर निरोप टाकून कोणी येत नाही. सभा सकाळी असेल तर ध्वजवंदनाला किंवा गांधी जयंतीच्या कार्यक्रमाला आलेल्या पालकांना परत घरी जाऊ देऊ नका, तिथूनच सरळ चला. मुलांना मात्र सभेत घोषणा द्यायला आणू नका. विषय शाळेचा असला तरी ते बरं दिसत नाही.

आल्या आल्या उपस्थिती नोंदवहीत सही. विषय आला की ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, ही नावं आधी ठरवा आणि दोन्ही एकाच भावकीतली नसू द्या. गावाला ते लगेच दिसतं आणि मग शाळेचा विषय बाजूला राहून दुसरंच काही सुरू होतं. ठराव तोंडी सांगू नका, लिहून न्या. साधारण असा: "जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पाण्याची टाकी व नळजोडणी हे काम सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे, रक्कम रुपये ____, पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात बंधित निधीतून घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे." कामाचं नाव, निधीचा प्रकार, वर्ष आणि रक्कम, यातलं एकही सुटलं तर ठराव नुसता सदिच्छा म्हणून वहीत राहतो.

कोरमअभावी सभा तहकूब झाली तर निराश होऊन घरी बसू नका. पुढच्या तारखेला तेच विषय घेतले जातात, आणि त्या दिवशी गर्दी कमी असते म्हणून तुमची माणसं अधिकच मोजली जातात.

मंजुरीनंतर

आठवडाभरात ठरावाची नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. मग ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपली ग्रामपंचायत निवडून आराखडा उघडा. तिथे शाळेचं काम दिसलं पाहिजे, बरोबर त्याच रकमेचं. हे कोणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही. त्यानंतर तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कामाचा आदेश. समितीतल्या एकाने बांधकाम चालू असताना रोज तिकडून चक्कर मारावी आणि फोटो काढावा, एवढं पुरतं.

एक गोष्ट ठरावातच लिहून घ्या: काम झाल्यावर मोटर कोण चालू करणार आणि तिचं बिल कोण भरणार. आमच्याकडे ते राहून गेलं. नवी टाकी, नवे नळ, दाराला चकचकीत कडी, आणि पहिले दोन महिने टाकी कोरडी. शाळा म्हणे ग्रामपंचायतीने भरावी, ग्रामपंचायत म्हणे शाळेने. शेवटी १५ ऑगस्टच्या सभेत दुसरा ठराव करावा लागला, फक्त त्या मोटरच्या बटणासाठी.